नागपूरचा स्वतःचा फुटबॉल संघ असता तर...

कल्पनाप्रधान निबंधाला आपण शिक्षक वर्षानुवर्षे तेच विषय देत आलो आहोत. सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर, मी मुख्यमंत्री झालो तर. या वर्षी मी पाचवीच्या वर्गाला जरा जवळचा विषय दिला, 'नागपूरचा स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ असता तर'. व्यावसायिक म्हणजे काय, हे आधी फळ्यावर लिहून समजावलं. खेळणं हीच ज्यांची नोकरी, दर महिन्याला पगार घेऊन जे खेळतात, त्यांचा संघ. मुंबईला असा संघ आहे, गोव्याला आहे, कोलकात्याला तर अनेक आहेत. आपल्या नागपूरला नाही.

मुलांनी भरभरून लिहिलं. जर्सी संत्र्याच्या रंगाची, मेट्रोने सगळे मिळून मॅचला जाऊ, तर्रीपोह्याचे ठेले लागतील, सगळं आलं. पण वह्या तपासताना एक गोष्ट खटकली. जवळजवळ प्रत्येक निबंधात शेवटचं क्रियापद 'पाहू' होतं. मोठे खेळाडू येतील, आपण त्यांना पाहू. टीव्हीवर आपलं शहर पाहू. 'खेळू' हे क्रियापद मोजून तीन वह्यांत सापडलं, आणि त्यातल्या दोन वह्या कामठी रोडच्या बाजूने येणाऱ्या मुलांच्या होत्या.

या विषयावर मोठ्यांचं, म्हणजे आपलं मत काय असावं, ते मला या 'पाहू' आणि 'खेळू'मधूनच मांडावंसं वाटतं.

पालकांशी बोलताना नेहमीचे मुद्दे ऐकायला मिळाले. शहराचं नाव होईल, हॉटेलं चालतील, रोजगार येईल. नावाचं मान्य. बाकीचं हिशेब करून पाहा. व्यावसायिक लीगमध्ये एका संघाचे घरच्या मैदानावर वर्षाला बारा-तेरा सामने होतात. बारा संध्याकाळींनी शहराचा व्यापार वाढत नसतो. आपल्याकडे हिवाळी अधिवेशन दरवर्षी भरतं, तेव्हा खोल्या मिळत नाहीत हे खरं, पण त्याने वस्तीतल्या कोणाचं वर्ष बदलल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आणि संघ येतो तसा जातोही. आपल्याच राज्यात पुण्याचं उदाहरण आहे. २००७ साली पुणे एफसी सुरू झाला. चांगला संघ होता, आय-लीगमध्ये २०१२-१३ला दुसरा आला, त्याची अकादमीही नावाजलेली होती. २०१५मध्ये बंद. भारत एफसी आला, एकच हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७मध्ये गुंडाळला गेला. एफसी पुणे सिटी २०१४पासून इंडियन सुपर लीगमध्ये होता, मालकांत हृतिक रोशनचं नाव होतं, २०१७-१८ला उपांत्य फेरीपर्यंत पोचला, आणि २०१९ला तोही संपला. बारा वर्षांत चार संघ. पुण्याहून मोठी कंपन्यांची वस्ती आपल्याकडे आहे का? नाही. मग तिथे जे टिकलं नाही ते इथे कसं टिकणार, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

पुण्याची गोष्ट तिथे थांबत नाही. त्या संघाची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२१-२२ची सुपर लीग जिंकलीसुद्धा. दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकायला लागले, आणि २०२५मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. म्हणजे पुण्याच्या पोराने ज्या संघासाठी गळा फाडला त्याचा वारसा हैदराबादमार्गे दिल्लीत. त्याच वर्षी जुलैत तर अख्खी सुपर लीगच करारांच्या भांडणात अडकून थांबवावी लागली. जो संघ मालकाच्या खिशावर उभा असतो, तो खिसा रिकामा झाला की उठून जातो. शहराने फक्त आपलं नाव उसनं दिलेलं असतं.

आपल्या नागपूरने हे क्रिकेटमध्ये अनुभवलं आहे, फक्त आपण विसरलो. २०१०च्या आयपीएलमध्ये डेक्कन चार्जर्स या हैदराबादच्या संघाने आपले काही 'घरचे' सामने जामठ्याला खेळले होते. गर्दी झाली, फटाके झाले. आज तो संघच अस्तित्वात नाही. त्या सामन्यांमुळे नागपुरातला एक तरी पोरगा क्रिकेटपटू झाला असेल, असं मला वाटत नाही.

उलट विदर्भाचा रणजी संघ बघा. १९५७-५८पासून खेळतोय. कित्येक वर्षं हरतच होता, बाकीचे संघ विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे हक्काचे गुण समजायचे. मग जामठ्याचं मैदान झालं, अकादमी झाली, वयोगटाच्या संघांकडे लक्ष गेलं, आणि २०१७-१८ला फैज फजलच्या नेतृत्वाखाली पहिल्यांदा रणजी करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा. २०२४-२५ला अक्षय वाडकर कर्णधार असताना तिसऱ्यांदा, तोही जामठ्यालाच. बाहेरची मदत घेतली नाही असं नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफरही मुंबईचा. पण पाया इथला होता. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव इथूनच भारताच्या संघात गेला. नागपूरची स्वतःची आयपीएल टीम कधीच नव्हती, आणि तिच्यावाचून काही अडलं नाही.

मग फुटबॉल संघ नकोच का? नाही, इथे मला थांबावं लागतं, आणि त्याचं कारण माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई आहे.

मुलगी सहावीत. वर्गात शांत, पटांगणावर वेगळीच. मुलांच्या घोळक्यातून चेंडू काढून नेते तेव्हा बघत राहावं. आंतरशालेय सामन्यांसाठी तिचं नाव दिलं, तर दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. चिडलेली नव्हती. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, हिचं नाव काढून टाका जी. चार घरची कामं करते मी, लहान पोट्टा घरी राहते, त्याले पाहाले कोणी नाही. अन् खेळून भेटते काय?"

तुम्ही या जागी असता तर काय उत्तर दिलं असतं? आरोग्य, सांघिक भावना, खिलाडूवृत्ती हे सगळं आपण निबंधात लिहायला शिकवतो. त्या बाईला मी ते सांगू शकले नाही. मी सांगितलं की खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतं. तिने विचारलं, "फुटबॉल खेळून लागलेली एखादी पोरगी दाखवा बरं, आपल्या वस्तीतली." मला दाखवता आली नाही. क्रिकेटमध्ये निदान उमेश यादवचं नाव घेता येतं.

नागपूर-कामठीच्या फुटबॉलपटूंची आजवरची वाट नोकरीची आहे. रेल्वे, पोलीस. चांगलं खेळलं तर खेळाच्या कोट्यातून चिकटायचं, नाही चिकटलं तर बाविसाव्या वर्षी बूट टांगून दुकान किंवा ऑटो. या वाटेने अनेक घरं उभी राहिली, तिला नावं ठेवणार नाही. पण जागा थोड्या, आणि मुलींना त्याहून थोड्या. व्यावसायिक संघाचा खरा फायदा कुठला असेल तर हाच, की 'खेळून भेटते काय' याला एक सरळ उत्तर तयार होतं. खेळण्याचाच पगार भेटतो, बाई.

आता हा फायदा किती जणांना? मोठ्या संघात पंचवीस-तीस खेळाडू. त्यात परदेशी आले, केरळ, मणिपूर, मिझोरम, बंगालचे आले. पुणे एफसीच्या अकादमीतून पुढे आलेला भारताचा खेळाडू आशिक कुरुनियन मूळचा केरळमधल्या मलप्पुरमचा. त्यात वाईट काही नाही, पोरगं कुठलंही असो. पण पुण्यातल्या एखाद्या आईला त्यातून उत्तर मिळालं का? विकत आणलेल्या संघात नागपूरची दोन पोरं असली तरी खूप म्हणायचं, आणि मुलींचा संघ तर बहुतेक मालकांना परवडतच नाही. म्हणून मी म्हणते, संघ हवा, पण इथूनच वर चढलेला हवा.

'इथे आहे काय' असं म्हणणाऱ्यांनी एकदा कामठीला जाऊन यावं. कामठी ही १८२१ची इंग्रजांची छावणी, नागपूरपासून सोळा-सतरा किलोमीटर. तिथल्या रब्बानी क्लबसारखी नावं जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये कोणालाही विचारा. नागपूर शहरात रेल्वेचं मोतीबाग मैदान आहे, जिल्हा संघटनेची लीग आहे. आणि हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेलं काम आहे, जे पुढे 'स्लम सॉकर' झालं. तिथली पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचली, २०१६ला संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. २०२२मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला तेव्हा आपण सगळ्यांनी थिएटरात टाळ्या वाजवल्या. (अमिताभ बच्चन नागपुरात शूटिंगला आले होते, हे अजून अभिमानाने सांगणारे पालक मला भेटतात. त्यातल्या किती जणांनी जिल्हा लीगचा एक सामना बघितला, हे विचारलं की विषय बदलतो.)

छोट्या शहराने हे करून दाखवलेलं आहे. मिझोरमची राजधानी ऐजॉल नागपूरपेक्षा कितीतरी लहान. तिथे २०१२मध्ये आधी राज्याची लीग नीट सुरू झाली, आणि स्थानिक केबल चॅनलने ती घराघरांत दाखवली. पोरं शेजारच्या गल्लीतल्या दादाला टीव्हीवर बघू लागली. त्याच लीगमधून वाढलेल्या ऐजॉल एफसीने २०१६-१७ची आय-लीग जिंकली, मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारख्यांना मागे टाकून. आपल्याकडे कोल्हापूरलाही मोठा व्यावसायिक संघ नाही, तरी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचा सामना असला की गावात दुसरा विषय नसतो. तिथे कधी मारामाऱ्याही होतात, तो भाग घेऊ नये. पण अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तो याच कोल्हापूरचा.

वर चढायची शिडीसुद्धा आता आहे. २०२३मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग गेला. जागा विकत न घेता खेळून वर जाता येतं. वेळ लागेल. रणजीला साठ वर्षं लागली, फुटबॉलला वीस लागली तरी मी तक्रार करणार नाही.

तोवर शहराकडून काय मागायचं? माझं मागणं फार साधं आहे. स्टेडियमच्या घोषणेआधी मैदानं मोकळी ठेवा. पूर्ण मापाच्या फुटबॉल मैदानाला १०५ बाय ६८ मीटर जागा लागते. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे, पण शहरातल्या दाट वस्तीत शाळेचं पटांगण म्हणजे परिपाठाला मुलं जेमतेम उभी राहतील एवढंच. शेजारचं मोकळं मैदान प्रदर्शनं, लॉन, सभा आणि गरब्याला वर्षातले कितीतरी दिवस गेलेलं असतं. मंडपाचे खड्डे बुजवायला कोणी येत नाही, आणि त्यात पाय मुरगळतो पोरांचा.

दुसरं, रोजची सवय. १५ सप्टेंबर २०१७ला विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळला गेला, शाळांना चेंडू वाटले गेले. सुंदर दिवस होता तो. माझा प्रश्न १६ सप्टेंबरचा आहे. चेंडू कपाटात की पटांगणावर, हे कुठलाही संघमालक ठरवत नाही, ते आपण ठरवतो. गणिताचा तास उरकायला खेळाचा तास कोण घेतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

आणि तिसरं, उद्या कोणी खरोखरच संघ घेऊन आलाच, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारायच्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचे संघ पहिल्या वर्षापासून असतील का? आणि मुलींचा संघ कधी? व्यावसायिक संघाला परवाना घेताना वयोगटाच्या संघांची अट असतेच, पण कागदावर दाखवायला पाच-दहा पोरं गोळा करणं वेगळं आणि कामठी, टेका, उत्तर नागपूरच्या वस्त्यांत वर्षभर प्रशिक्षक पाठवणं वेगळं. मोठ्या नावाचा एक परदेशी खेळाडू कमी घेतला तर असे किती प्रशिक्षक ठेवता येतील, हा हिशेब सातवीच्या गणितात छान बसतो.

त्या मुलीचं नाव यादीत राहिलं. आईला मी नोकरीचं वचन दिलं नाही, देऊ शकत नव्हते. सामन्याच्या दिवसांत धाकट्या भावाला शाळेतच आणून बसवायचं, एवढीच तोड निघाली. तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर चित्रं काढत बसतो.

ज्यांना हा विषय वर्गात घ्यायचा आहे त्यांनी निबंधाआधी एक काम द्यावं. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना शाळेभोवतीच्या एक किलोमीटरचा नकाशा काढायला सांगा, त्यात मोकळी मैदानं हिरव्या रंगाने दाखवायला सांगा आणि तिथे संध्याकाळी पाच वाजता नेमकं काय चालू असतं ते लिहून आणायला सांगा. आमच्या वर्गाचा नकाशा शनिवारी पूर्ण होईल. हिरवी पेन्सिल फारशी झिजलेली नाही.