शब्द बदलला, पायरी कधी बदलणार?

आपल्या छत्रपती संभाजीनगरला गाण्याचे वेड जुने आहे. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून सहकुटुंब मैफलीला जाण्याची प्रथा आता शहरातील मध्यमवर्गीय घरांत चांगलीच रुळली आहे. संत एकनाथ रंगमंदिर, तापडिया नाट्यमंदिर, सिडकोतील संत तुकाराम नाट्यगृह या वास्तूंशी अनेक कुटुंबांच्या आठवणी जडल्या आहेत. एकेकाळी कैलास लेण्याच्या साक्षीने रंगणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव पुढे सोनेरी महालाच्या प्रांगणात आला आणि काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. या सर्व कार्यक्रमांच्या गर्दीकडे एकदा निराळ्या नजरेने पाहावे. चाकाच्या खुर्चीतून आलेला श्रोता त्यात किती वेळा दिसतो? पांढरी काठी टेकत एकटाच आलेला रसिक? दिसत नाहीत, म्हणून ते नाहीतच, असे आपण मानून टाकले आहे.

वस्तुस्थिती तशी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते आणि त्यांपैकी २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस मानले. त्यात गुडघ्यांनी दगा दिलेले, कानाने मंद झालेले आपल्याच घरांतील वडीलधारे मिळवले, तर हा प्रश्न ‘त्यांचा’ राहत नाही. तो आज ना उद्या प्रत्येक घराचा होतो.

याबाबत कायदा काय सांगतो, तेही पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात सहभागी होणे हा दिव्यांगांचा हक्क मानला आहे. सुगमतेचे निकष पाळले नसतील तर नव्या इमारतीला बांधकामाची परवानगी देऊ नये आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे हा कायदा म्हणतो. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये उलटली. खासगी नाट्यगृहेही यातून सुटत नाहीत, कारण जी इमारत जनतेच्या वापराची ती सार्वजनिक, मग मालक कोणीही असो.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू केले आणि त्याच महिन्यात ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे, असे आवाहन केले. समाजाची दृष्टी बदलावी, हा त्यामागील हेतू उदात्तच होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाला ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सांगावे लागले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे आहेत आणि ते कायद्याशी विसंगत आहेत. बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवावेत, असा आदेशही न्यायालयाने दिला. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून या निर्णयाकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. शब्द बदलला आणि पायरी तशीच राहिली, तर नव्या शब्दालाही जुन्या शब्दाची अवकळा येण्यास वेळ लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हा विषय काढला की आपल्याकडे एक उत्तर तत्परतेने मिळते : ‘आमचे चार कार्यकर्ते दाराशी उभे असतात. कोणी आले तर खुर्चीसकट उचलून आत नेतात.’ यातील सेवाभावाबद्दल तिळमात्र शंका नाही. पण ज्याला उचलले जाते, त्याच्या जागी क्षणभर बसून पाहावे. चारचौघांसमोर गाठोड्यासारखे वर जायचे, रांगेच्या टोकाला येण्याजाण्याच्या वाटेत बसायचे, पत्नी आणि मुले दहा रांगा पलीकडे. मध्यंतरात स्वच्छतागृहाला जायचे तर पुन्हा चौघांना हाक मारायची. म्हणून तो दुपारपासून पाणीच पीत नाही. पुढच्या वेळी कोणी तिकीट आणले, तर ‘मला यायचे नाही, तुम्ही जाऊन या’ असे तोच म्हणतो आणि आपण समजतो की त्याला गाण्याची आवड नाही. ज्याला एक रस्ता आणि एक दार पुरले असते, त्याला आपण उपकाराच्या ओझ्याखाली आणतो. सेवा श्रेष्ठच, पण जेथे व्यवस्था शक्य आहे तेथे सेवेचे निमित्त पुढे करणे हा आळस आहे.

गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात पोळणाऱ्या लेकराला नाथांनी कडेवर घेतल्याची कथा मराठवाड्यातील प्रत्येक घरात सांगितली जाते. नाथांनी त्याला उचलले, कारण त्या क्षणी दुसरा मार्ग नव्हता. आज सिमेंट, गवंडी, वास्तुविशारद, निधी आणि कायदा हे सारे हाताशी असताना आपण वाळू तापलेलीच ठेवायची आणि उचलण्याचे पुण्य मात्र घ्यायचे, हा नाथांचा वारसा नव्हे. त्याच नाथांनी आपल्या भारुडांतून आंधळा, पांगळा, मुका, बहिरा यांना बोलते केले. त्यांच्या नावाच्या पैठणभूमीत हे लोक रूपक म्हणून रंगमंचावर येतात आणि प्रत्यक्ष माणूस म्हणून मात्र दाराबाहेर राहतात, ही विसंगती मनाला लागली पाहिजे.

दिव्यांग केवळ श्रोते असतात, असेही नाही. ‘रामायण’ मालिकेचे संगीत घराघरांत पोहोचवणारे रवींद्र जैन जन्मांध होते. शेजारच्या कर्नाटकात गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई या दोन दृष्टिहीन गायकांनी शेकडो अंध मुलांना संगीत शिकवले. पुट्टराजांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले. म्हणून रंगपटापासून रंगमंचापर्यंतची वाटही तितकीच महत्त्वाची आहे. प्रेक्षागृहात उतार आणि रंगमंचाला अरुंद जिना, ही व्यवस्था अर्धवटच.

करायचे काय, हे अवघड नाही. उताराची लांबी उंचीच्या किमान बारापट हवी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट उतार लागतो. पाच-सहा फुटांत उरकलेला चढ हा उतार नसून घसरगुंडी असते. चाकाच्या खुर्चीसाठी जागा वाटेत नव्हे, तर रांगेतच आणि सोबत्याच्या शेजारी हवी. खुर्ची आत वळेल एवढे एक स्वच्छतागृह हवे आणि त्यात झाडू-बादल्या ठेवलेल्या नसाव्यात. सभागृहात तारेचे एक वेटोळे फिरवले की माइकचा आवाज तशी सोय असलेल्या श्रवणयंत्रात थेट पोहोचतो. मैदानावरील कार्यक्रमात विजेच्या तारा झाकाव्यात आणि मंडपापर्यंत एक कठीण, सपाट पट्टा ठेवावा. भारतीय बैठक असेल तर खुर्च्या अगदी मागे न ढकलता एका बाजूला पुढपर्यंत मांडाव्यात.

‘एवढा खर्च दोन-चार माणसांसाठी?’ असे कोणी विचारील. दोन-चारच येतात, कारण वाट नाही. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, हे राज्य शासनाचे धोरणच आहे. ‘घरी बसून ऐकता येते की!’ हा दुसरा आक्षेप. १९५५ मध्ये आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा घराघरांत ते भक्तिभावाने ऐकले गेले. तरीही सुधीर फडके प्रत्यक्ष गायला बसले की लोक गर्दी करीतच. शेजारच्याची मान आपल्याबरोबर डोलते तेव्हा समाज एक होतो. त्या अनुभवातून कोणाला वगळणे म्हणजे त्याला समाजातूनच थोडेसे वगळणे होय.

ब्रिटनमध्ये ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था २००० सालापासून नेमके हेच काम करते. दिव्यांग रसिक स्वतः कार्यक्रमांना जातात, अनुभव नोंदवतात आणि त्यावरून सभागृहांना कांस्य, रौप्य, सुवर्ण असा दर्जा दिला जातो. संघविचाराने प्रेरित ‘सक्षम’चे कार्यकर्ते दिव्यांगांमध्ये देशभर काम करीतच आहेत. त्यांच्यासोबत चार दिव्यांग रसिक, एक वास्तुविशारद आणि मोजपट्टी घेऊन शहरातील प्रत्येक सभागृहाची पाहणी का होऊ नये? तिचा अहवाल महापालिकेसमोर आणि मालकांसमोर ठेवता येईल.

आणि आरंभ आपल्यापासून व्हावा. आपल्या व्याख्यानमाला, दिवाळी पहाट, गुरुपौर्णिमेचे उत्सव जेथे होतात, ते सभागृह निवडताना भाडे आणि वाहनतळ यांच्या आधी एक प्रश्न विचारावा : येथे चाकाची खुर्ची कोणी न उचलता आत येईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर सभागृह बदलावे आणि कारण मालकाला स्पष्ट सांगावे. चार आयोजकांनी असे नोंदणी रद्द केली की पाचव्याच्या आधी गवंडी येतो. समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून नेहमी उच्चारतो. तो ऐकायला सर्वांना आत येता आले पाहिजे.