खांद्याचा एमआरआय आणि खांद्याचं काम

मेडिकल बोर्डासमोर जवान उभा राहण्याआधी त्याचा एमआरआय टेबलावर पोहोचलेला असतो. 'शेप'मधला 'ए' म्हणजे हातपाय. तिथे एकचा तीन झाला की पोस्टिंग, प्रमोशन, कोर्स सगळंच अडतं. सर्जन हात लावून तपासतात, पण माझ्या पाहण्यात शेवटी वजन पडतं ते फिल्मचं.

खांदा फिरवणारे आणि सांध्यात धरून ठेवणारे चार स्नायू, म्हणजे रोटेटर कफ. एमआरआयवर त्यांची जाडी मोजता येते, त्यांत किती चरबी शिरली हेही दिसतं. हे मोलाचं आहे. स्नायूची जागा चरबीने घेतली की तुटलेला कंडरा शिवला तरी ती चरबी सहसा हटत नाही. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना सर्जनला याचा मोठा आधार.

पण ताकद? जाड स्नायू साधारणपणे जास्त जोर लावतो, एवढंच. दुखणं किती, सराव किती, हे जाडीत दिसत नाही. शिवाय कंडरा तुटला की स्नायू आत ओढला जातो आणि नेहमीच्या जागचा छेद पाहिला तर आहे त्याहून बारीक भासतो. उलट, कंडरा फाटूनही तक्रार नसलेली माणसं असतात. (आपल्या माजी सैनिकांत कितीतरी निघतील; एमआरआय काढला नाही म्हणून सुखी!)

म्हणून बोर्डाच्या कागदावर एमआरआयशेजारी दोन्ही खांद्यांचे डायनामोमीटरचे आकडे हवेत. आणि डॉक्टरांच्या परवानगीने पिठ्ठू उचलून, रायफल खांद्याला लावून दाखवलेलं कामही. मॉर्टरची बेसप्लेट वाहणारा जवान आणि ऑफिसातला क्लार्क एकाच मिलिमीटरवर तोलले जावेत, हे मला पटत नाही.