पार्टी नंतर, आधी ऐक तर!

प्रमोशन झालं, होम लोन सँक्शन झालं किंवा पाचव्या अटेम्प्टला सीए क्लिअर झालं, की पहिला फोन कुणाला करायचा हे ठरवायला आपल्याला दोन सेकंदही लागत नाहीत. बोट आपोआप त्या एका नावावर जातं. खरी गंमत पुढे असते. पलीकडून काय ऐकू येतं?

शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा प्रतिसादांचे चार प्रकार मांडले. त्यांचं आपल्या घरगुती मराठीत भाषांतर करायचं, तर ते साधारण असं:

एक, 'काय सांगतेस! कधी कळलं? बॉस नेमकं काय म्हणाला?'

दोन, 'अरे वा, छान.' (नजर टीव्हीवर.)

तीन, 'पण आता रोज घरी यायला दहा वाजणार. झेपेल ना?'

चार, 'बरं, येताना कोथिंबीर आण.'

यातल्या फक्त पहिल्या प्रकाराचा चांगल्या नात्याशी संबंध दिसला. बाकी तिन्हींचं गणित उलटं. २००६ मध्ये गेबल आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांचा अभ्यास मांडला. त्यात जोडीदार वाईट बातमीत कसा वागतो, यापेक्षा चांगल्या बातमीला कसा प्रतिसाद देतो, याचा नात्याच्या तब्येतीशी जास्त घट्ट संबंध आढळला. म्हणजे बघा, रडायला खांदा देणारे आपण, हसायला मात्र कान देत नाही!

माझ्या मते आपल्याकडे एक पाचवा प्रकारही आहे. 'पार्टी कधी?' वरवर भलताच उत्साही. पण त्यानंतर चर्चा थेट हॉटेलवर जाते आणि बातमी बिचारी तिथेच संपते.

आणि सगळ्यात अवघड केस म्हणजे आपली बातमी चांगली, पण समोरच्याचे दिवस वाईट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली. त्याच महिन्यात माझ्या जिवलग मैत्रिणीला हवा होता तो जॉब मिळाला. तिने फोन केला आणि सरळ म्हणाली, "तुला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला नको होतं. आत्ता बोलावंसं वाटत नसेल तर नको बोलूस."

खोटं कशाला सांगू, पोटात खड्डा पडला. मिनिटभर मी गप्पच होते. मग विचारलं, "इंटरव्ह्यूत काय काय विचारलं गं?" पुढचा पाऊण तास ती बोलत होती, आणि कित्येक दिवसांनी माझ्या डोक्यात माझ्या बँक बॅलन्सशिवाय दुसरं काहीतरी होतं. तिने बातमी लपवली असती, तर कधीतरी ती लिंक्डइनवर दिसलीच असती. मग मला नोकरीपेक्षा एकच गोष्ट जास्त लागली असती, की हिने मला 'बिच्चारी'च्या यादीत टाकलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणाचा असा फोन आला, तर लॅपटॉपवरून नजर काढा. 'अभिनंदन'नंतर निदान दोन प्रश्न विचारा. कधी कळलं? पहिल्यांदा काय वाटलं? यात खर्च शून्य.

पेढे मात्र सोडायचे नाहीत. तो आपला हक्कच आहे!