कीटनची निर्विकार मुद्रा
विनोदी नट बस्टर कीटनच्या निर्विकार मुद्रेस जे मूकपटाचे अपत्य समजतात, त्यांनी त्याच्या व्होडव्हिल या विविधरंगी रंगमंचीय करमणुकीतील बाल्याचे दफ्तर अवश्य चाळावे. कारण बाप भर रंगमंचावर पोरास उचलून फेकीत असता पोर स्वतःच हसले, तर प्रेक्षक हसत नाहीत, हा धडा त्याने तेथेच, बालसंरक्षक मंडळींच्या तक्रारी चालू असता, गिरवला होता. १९१७ साली विनोदवीर आर्बकलच्या चित्रपटात शिरताच त्याने कॅमेऱ्याचे तंत्र आत्मसात केले खरे. परंतु १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची अखंड दर्शनी भिंत अंगावर कोसळूनही खिडकीच्या पोकळीमुळे तो सहीसलामत उभा राहतो, ते धैर्य रंगमंचाचेच. त्याच वर्षी तो मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपटसंस्थेचा पगारी नोकर झाला. आणि त्याच्या ऱ्हासाचे खापर केवळ बोलपटावर फोडणारे समीक्षक या करारनाम्याकडे सोयीस्कर काणाडोळा करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.