जंगलात आधी कोण राहतं ते विचारा

मराठीत टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणारे, त्यासाठी स्वतः मॉड्यूल लिहिणारे आता दिसू लागलेत. आनंद आहे. तो सांगून झाला, आता भांडणाकडे वळतो.

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघाचौघांची घरगुती मॉड्यूल्स माझ्याकडे वाचायला आली. सगळी लेव्हल वनच्या पात्रांसाठी आणि सगळी ‘दंडकारण्या’त घडणारी. सीमेवर एक किल्ला. पलीकडे काळंकुट्ट जंगल. जंगलात भाले घेतलेली ‘रानटी टोळी’, टोळीच्या गुहेत खजिना. आपण जायचं, मारायचं, खजिना उचलायचा, किल्ल्यात परत यायचं. मी चंद्रपूरचा. हे जंगल माझ्या ओळखीचं नाही. ते कुठून आलं, हे मात्र चांगलंच ओळखीचं आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. पुढे गायगॅक्सनेच नवख्यांसाठी ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे मॉड्यूल लिहिलं आणि ते खेळाच्या बेसिक सेटसोबत घराघरांत गेलं. लेव्हल एक ते तीनच्या पात्रांसाठी एक किल्ला, थोडं रान आणि शेजारी राक्षसांच्या गुहा. जगभरच्या डीएमनी पहिलं मॉड्यूल लिहिताना याचाच साचा वापरला. त्या गुहांमध्ये बायका आहेत, पोरं आहेत, त्यांची मोजदाद आहे. त्यांना नावं नाहीत. आणि त्या काळच्या नियमांत लुटलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभव-गुण मिळायचा. म्हणजे लूट केली की लेव्हल वाढणार, हे नियमातच लिहिलेलं.

हा साचा जसाच्या तसा उचलून गडचिरोलीवर ठेवला की काय होतं ते बघा. ऑर्कच्या जागी ‘रानटी टोळी’ आली. ऑर्क कुठे राहतात हे कोणालाच माहीत नसतं. दंडकारण्यात कोण राहतं हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे माडिया आणि गोंड लोक राहतात. तेव्हा ‘अरे, काल्पनिक आहे’ हा बचाव इथे चालत नाही. जागेचं नाव खरं घेतलंत, तर माणसंही खरी येतात.

दुसरं असं, की हा साचा इथल्या इतिहासातच बसत नाही. किल्ल्यात सभ्य माणसं आणि जंगलात रानटी, अशी विभागणी त्यात गृहीत आहे. चंद्रपूरला या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर ही वेशींची नावं आम्ही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. तो परकोट गोंड राजांचा. बल्लारपूरचा किल्ला त्यांचाच. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेईपर्यंत इथे राज्य गोंडांचं होतं. आमच्याकडे किल्लाच जंगलवाल्यांनी बांधला, आणि लुटायला आले ते बाहेरचे. मॉड्यूल लिहायचंच तर आधी हा नकाशा सरळ करा.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं: खेळात राजकारण आणू नका. कोणाच्या घरात शिरून कोणाला मारायचं हे तुम्ही आधीच ठरवलंय, राजकारण तिथेच आलं. मी फक्त ते दाखवतोय. खुद्द त्या खेळाच्या कंपनीने २०२० मध्ये जाहीरपणे मान्य केलं, की ऑर्कसारख्या जमातींचं जुनं चित्रण खऱ्या जगातल्या समाजांच्या बदनामीची आठवण करून देणारं होतं. साहेबांनी सोडलेलं जुनं सामान आपण इथे नवं म्हणून वापरतोय.

दुसरं उत्तर: मग मारामारीच नको का? गोडगोड गप्पा मारायच्या? हे म्हणणाऱ्यांनी जुने नियम नीट वाचलेले नाहीत. १९८१च्या बेसिक नियमांत एक तक्ता आहे. जंगलात कोणी समोर आलं की दोन फासे टाका. दोन पडले तर थेट हल्ला, आणि दोन पडायची शक्यता छत्तीसांत एक. बाकी वेळा कोणी गुरगुरतं, कोणी गोंधळतं, कोणी बोलायला तयार होतं. बारा पडले तर दोस्ती. याला कारण होतं. त्या नियमांत लेव्हल वनच्या जादूगाराला बोनस सोडला तर जास्तीत जास्त चार हिट पॉइंट, आणि तलवारीचा एक वार आठपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या जिवावर माणूस आधी बोलतो, विचारतो, ऐकतो. म्हणून लो-लेव्हल मॉड्यूल मला सगळ्यात प्रिय. त्यात दुबळेपण खरं असतं. तुम्ही जंगल घेतलंत आणि नेमका हा तक्ता फेकून दिलात.

दुबळ्या नायकाची गोष्ट इथे आधीपासून आहे. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून पडलं, तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजला आणि मेला, असं सांगतात. तलावाकाठी त्याचं देवस्थान आहे. हरलेल्याला देव करणारी ही गोष्ट आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणारी बाई आजही त्याच वाघाच्या वाटेवरून जाते. तिच्याकडे तलवार नसते, तिला लेव्हल मिळत नाही. मला तिचं मॉड्यूल खेळायचंय. आवाज ओळखणं, पाऊलखूण वाचणं, कोणत्या नाल्याकडे आज जायचं नाही हे ठरवणं: यावर फासे पडू देत.

आणि खजिना? धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बोलत बसते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात. कागदावर हक्क, पण ट्रक हलत नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. काय क्वेस्ट आहे बघा. ड्रॅगन म्हणजे एक खातं, गुहा म्हणजे कचेरी, आणि शेवटी मिळालेला खजिना म्हणजे एक पावतीपुस्तक. हे कंटाळवाणं वाटत असेल, तर तुम्हाला डीएम म्हणून अजून बरंच शिकायचंय.

आदिवासींवर लिहूच नका, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे त्यांना पुन्हा खेळाबाहेर काढणं. माझ्या मागण्या साध्या आहेत. गुहेतल्या प्रत्येक माणसाला नाव द्या. त्याचं तुमच्या पात्रांबद्दल काय मत आहे तेही लिहा. भाषेचे नियम खरे ठेवा: या दोन जिल्ह्यांत गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि झाडीबोली बोलल्या जातात, आणि एकही न येणारा हिरो पहिल्याच गावात अडकला पाहिजे. आणि मॉड्यूल लोकांसमोर टाकण्याआधी एटापल्ली, भामरागड किंवा धानोऱ्याच्या एखाद्या पोराला, पोरीला खेळायला बसवा. फोन त्यांच्याकडेही आहे.

टेबलावर बसलेल्या त्या मुलीने विचारलं, ‘यात माझं गाव कुठलं?’, आणि तुम्हाला गुहेकडे बोट दाखवावं लागलं, तर ते पान फाडा आणि पुन्हा लिहा.