खाली पाहिल्यावरच पडणारा प्राणी

गेल्या हिवाळ्यात नरखेड तालुक्यातील एका विज्ञान प्रदर्शनाला आम्ही मराठीचे काही अध्यापक श्रोते म्हणून उपस्थित होतो. पाहुण्या वक्त्यांनी कार्टूनपटांवर बराच वेळ तोफ डागली. कड्याच्या पुढे धावत गेलेला प्राणी अधांतरी उभा राहतो, डोक्यावर ऐरण आदळूनही पुन्हा उठतो. अशा दृश्यांमुळे मुलांचा न्यूटन बिघडतो आणि याच बिघाडातून पुढे बुवाबाजीला गिऱ्हाईक मिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. टाळ्या पडल्या. आमच्यापैकी एकाने हात वर केला, तोवर वेळ संपला होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

संत्र्याच्या या मुलखात फळ खालीच पडते हे मुलाला शिकवावे लागत नाही. फळगळीने घराचे वर्षाचे गणित कोलमडताना त्याने पाहिलेले असते. अधांतरी उभ्या प्राण्याला तो हसतो, कारण तिथे पडायला हवे होते हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्याला गुरुत्वाकर्षण माहीत नाही त्याला त्या दृश्यात हसण्यासारखे काय सापडणार? बुवाचा चमत्कार मात्र श्रद्धा मागतो, आणि पाठोपाठ दक्षिणा. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो चमत्काराच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध, कल्पिताविरुद्ध नव्हे. हा भेद ज्यांना दिसत नाही त्यांच्या विवेकवादाची आम्हांस काळजी वाटते.

परंतु खरी तक्रार आमची आमच्याच गोटाशी आहे. वक्त्यांना उत्तर म्हणून आमचे साहित्यिक मित्र चटकन म्हणतात, 'कल्पनेला नियम नसतात.' हे विधान वक्त्यांच्या विधानापेक्षाही अधिक चुकीचे आहे.

रोड रनर आणि कायोटी ही जोडी चक जोन्स यांनी १९४९ साली पडद्यावर आणली. कायोटी कड्याबाहेर जातो, क्षणभर तरंगतो आणि खाली पाहिल्यावरच कोसळतो. त्याने भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यातून रोड रनर सुसाट निघून जातो, तो स्वतः मात्र भिंतीवर आदळतो. इतक्या उंचीवरून पडूनही तो मरत नाही. आता राजशेखराची 'काव्यमीमांसा' काढा. शास्त्रात नाही, लोकात नाही, तरीही कवी परंपरेने ज्याचे वर्णन करतात त्या कविसमयाचे तो तीन प्रकार सांगतो: नसलेल्याचे वर्णन, असलेल्याचे अवर्णन आणि नियम. बोगदा नसतो, पण असल्यासारखा वापरला जातो. मृत्यू असायला हवा, पण दाखवला जात नाही. आणि गुरुत्वाकर्षण खाली पाहिल्यावरच लागू होते, जशी कोकिळा वसंतातच गाते. हजार वर्षांपूर्वीच्या त्या व्यवस्थेत कायोटी किती सहज बसतो! आम्ही मात्र कविसमय म्हणजे चकोर आणि हंस, पाच गुणांसाठी टीप लिहा, असे वर्षानुवर्षे शिकवीत आलो. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला तो विषय लहानपणापासून तोंडपाठ होता, याचा पत्ता आम्हांस नव्हता.

अॅरिस्टॉटलनेही पटण्याजोगे अशक्य हे न पटणाऱ्या शक्यापेक्षा बरे मानले होते. डिस्नीने १९५६ साली आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या एका भागाला 'द प्लॉझिबल इम्पॉसिबल' हेच नाव दिले. पटण्याजोगे म्हणजे काय? एक नियम वाकवायचा आणि बाकीचे सांभाळायचे. डिस्नीच्या चित्रकारांनी चेंडू आपटताना चपटा केला, उसळताना लांबवला. पण त्याचे आकारमान तेवढेच ठेवले. ते बदलले की चेंडूचे वजन जाते आणि वजन गेले की पडण्यातली गंमतही जाते.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी हे १९१२ सालीच केले होते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ त्यांनी दिवसागणिक टिपली आणि महिन्याभराचा काळ पडद्यावर क्षणांत आणला. वाकला तो फक्त काळ. वनस्पतीचा स्वभाव अबाधित राहिला, आणि तो चित्रपट पाहून भांडवल देणारा माणूसही मिळाला. पुढे १९१५ साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यांना चालते केले. मराठी माणसाच्या चित्रपटाचा हा आरंभ आमच्या अभ्यासक्रमात फार तर तळटीपेत सापडतो.

या कसोटीवर २००८ पासून घरोघरी पोचलेला 'छोटा भीम' आम्हांस तोकडा वाटतो, पण वक्ते सांगतात त्या कारणाने नव्हे. लाडू खाल्ला की बळ येते, हा नियम ठीकच आहे. पॉपायचा पालक तरी वेगळे काय करतो? अडचण ही की नियम नेहमी नायकाच्याच बाजूने उभा असतो. कायोटीचा नियम कायोटीच्याच विरुद्ध जातो, म्हणून त्याच्या प्रत्येक पडण्याला कथा आहे. लाडवाला फक्त शेवट आहे. (घरातील मुलांना हे मत मान्य नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.)

पुढील सत्रात काव्यशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही सहा-सात मिनिटांचा एक रोड रनर दाखवणार आहोत आणि मगच 'काव्यमीमांसा' उघडणार आहोत. पाहुण्या वक्त्यांनी अवश्य यावे. या वेळी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.