जहाज कोणी वाचविले?

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. औरंगपुऱ्यातील विद्यार्थ्यास जहाज पाहावयाचे झाले तर मुंबईस जावे लागेल, आणि तेथेही शिडांचे जुने जहाज त्याच्या दृष्टीस पडणार नाही. तथापि या जिल्ह्यात एक जहाज आहे व ते सुमारे दीड हजार वर्षे येथेच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक गलबत रंगविलेले आहे. सहलीस गेलेल्या पुष्कळ मुलांनी ते पाहिले असेल. त्याहून अधिक मुले त्याच्या समोरून न पाहताच पुढे गेली असतील. चित्र राहिले, परंतु ज्या जहाजावरून ते काढले त्याची एक फळीही राहिली नाही. असे का व्हावे? आणि जगात एखादे जुने जहाज राहिले असेल, तर ते कशाच्या बळावर राहिले? या प्रश्नांचे उत्तर आमच्याच मुंबईस बांधलेल्या एका जहाजाच्या चरित्रात सापडते. ते चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, आणि त्यातून निघणारा बोधही स्पष्ट शब्दांत मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

त्या जहाजाचे नाव ‘त्रिंकोमाली’. सिलोनच्या, म्हणजे आताच्या श्रीलंकेच्या, एका बंदरावरून ते ठेवलेले आहे. इंग्रजांच्या आरमाराने हे जहाज १८१२ साली मागविले. त्याचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ नावाचे जहाज त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ लढाईत निकामी केले, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. अखेर १८१६ साली मुंबईच्या गोदीत बांधकामास आरंभ झाला व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. वाडिया हे आडनावच मुळी जहाजे बांधणाऱ्याचे. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेहून १७३६ साली मुंबईस आले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी या गोदीची कीर्ती साऱ्या जगात केली. पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या तळाच्या मुख्य लाकडात, म्हणजे कण्यात, चांदीचा एक खिळा ठोकूनच कामास सुरुवात झाली.

इंग्रजांनी आपली लढाऊ जहाजे सात समुद्रांपलीकडे का बांधवून घ्यावीत? नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांत त्यांच्या देशातील ओक वृक्षांचा तुटवडा पडला होता. आणि दुसरे म्हणजे मलबारचा साग ओकाहून टिकाऊ. सागात अंगचेच तेल असल्यामुळे तो लवकर कुजत नाही, व त्यात ठोकलेले लोखंडही ओकातल्याप्रमाणे लवकर गंजत नाही. कोणतीही वस्तू जपण्याची पहिली अट ती मुळात चांगली घडविलेली असणे ही होय, हे येथे ध्यानात घ्यावे. कच्च्या लाकडाचे व हलगर्जीपणाने जोडलेले जहाज दोनशे वर्षांनी वाचविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते पन्नास वर्षांतच आपोआप सुटते.

हे जहाज १८१९ साली इंग्लंडास पोहोचले, तो युद्ध संपून गेलेले. त्यामुळे पंचवीसएक वर्षे ते राखीव म्हणून नुसते उभे राहिले. पुढे १८४७ पासून दहा वर्षांत त्याने वेस्ट इंडीजकडे व पॅसिफिक महासागरात दोन वेळा चाकरी केली. तोवर वाफेची जहाजे आली होती. शिडांच्या जहाजास लढाईत स्थान उरले नाही, म्हणून ते नव्या खलाशांच्या शिक्षणासाठी बंदरात बांधून ठेवण्यात आले. १८९७ साली त्याची पाळी संपली आणि ते मोडीत विकले गेले.

येथे या चरित्रास वळण लागले. जॉर्ज व्हीटली कॉब नावाचे एक सधन गृहस्थ होते. नेल्सन ज्यावर काही काळ होता ते ‘फुद्रॉयां’ नावाचे जुने जहाज त्यांनी मोडणाऱ्यांकडून सोडवून आणून मुलांच्या शिक्षणासाठी सज्ज केले होते. परंतु जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून ते फुटले. दुसरा कोणी असता तर कपाळास हात लावून बसता. कॉब यांनी त्याच वर्षी मोडीत निघालेले आमचे मुंबईचे जहाज विकत घेतले, फुटलेल्या जहाजाचे नाव यास दिले, आणि मुलांचे शिक्षण पुढे चालू केले. त्या दिवसापासून १९८६ पर्यंत, म्हणजे सुमारे नव्वद वर्षे, शाळकरी वयाची मुले त्या जहाजावर राहून होडी वल्हविणे, दोर बांधणे, शीड हाकणे आणि चारचौघांत मिळून वागणे शिकत होती.

आमच्या मते या जहाजाच्या रक्षणाचे खरे मर्म येथे आहे. ते वाचले ते मोठ्या लढाया जिंकल्या म्हणून नव्हे, कारण तशी लढाई त्याच्या वाट्यास आलीच नाही. ते कोणी पूजिले म्हणूनही वाचले नाही. ते वाचले, कारण त्यास काम होते. ज्या जहाजावर मुले निजतात, त्याचे गळते छप्पर त्याच आठवड्यात दुरुस्त होते. ज्याकडे वर्षातून एकदा हार घेऊन जावयाचे, त्याची गळती पुढील हारापर्यंत कोणास कळत नाही.

याचा उलट दाखलाही त्याच बंदरात होता. पोर्ट्‌स्मथ येथे या जहाजाच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ नावाचे दुसरे जुने जहाज उभे असे. हे मूळचे फ्रेंचांचे; १८०५ साली, ट्रफाल्गरच्या लढाईनंतर थोड्याच दिवसांत, ते इंग्रजांच्या हाती लागले. वयाने ते मुंबईच्या जहाजाहून वडील, आणि इतिहासाच्या दृष्टीने मोठे. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च परवडत नाही असे ठरले, आणि २ डिसेंबर १९४९ रोजी इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांची निशाणे फडकवीत ते समुद्रात नेऊन बुडविण्यात आले. मानवंदना यथासांग झाली. जहाज मात्र गेले. या घटनेचा लोकांच्या मनास असा चटका बसला की जुनी जहाजे राखण्याची चळवळ त्यातूनच इंग्लंडात बळावली.

१९८७ साली त्रिंकोमाली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी आणण्यात आले. या गावातील जहाजबांधणी बंद पडून बेकारी वाढलेली होती. तेथे ‘वॉरियर’ या जुन्या लोखंडी युद्धनौकेच्या जीर्णोद्धाराचे काम नुकतेच पूर्ण झाले होते, आणि त्या कामावर तयार झालेले कारागीर गावात होते. त्या हातांनी १९९० ते २००१ पर्यंत खपून आमच्या जहाजाचा जीर्णोद्धार केला. खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला. १९९२ साली त्यास मूळचे ‘त्रिंकोमाली’ हे नाव परत मिळाले. आजही ते तेथे पाण्यावर तरंगत आहे, आणि त्याच्या सांगाड्याचा बराचसा साग तोच आहे, जो दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कारागिरांनी तासला होता.

कोणी म्हणेल, हे तर परक्यांचे युद्धाचे जहाज. त्याचे कौतुक आम्ही का करावे? प्रश्न योग्य आहे. ज्या सत्तेसाठी ते बांधले, तिची थोरवी आम्ही गात नाही. मुंबईसच १८१३ साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ साली चीनकडून नानकिंगचा तह लिहवून घेण्यात आला, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु लाकूड आमच्या देशातील होते, हात आमच्या लोकांचे होते, आणि त्या हातांचे कसब काय योग्यतेचे होते याचा साक्षीदार आज पाण्यावर एवढाच उरला आहे. त्याची भावंडे सर्व गेली. १८१५ चे ‘वेलस्ली’ १९४० साली टेम्स नदीत जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडाले. नॅव्हारिनोच्या लढाईत मिरविलेले ‘एशिया’ मोडले गेले. ‘कॉर्नवॉलिस’ही मोडले गेले.

आता आपल्या घरचा हिशेब पाहू. मराठ्यांच्या आरमारातील गुराब व गलबते यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आग इंग्रजांच्या तोफांनी लागली. परंतु त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांचे सोबती होते, हेही इतिहासात लिहिलेले आहे. हे फार जुने झाले. अलीकडचे पाहावयाचे तर ‘विक्रांत’ हे विमानवाहू जहाज आहे. १९६१ साली ते आपल्या आरमारात दाखल झाले, १९७१ च्या युद्धात त्याने बंगालच्या उपसागरात पराक्रम केला, आणि १९९७ साली ते निवृत्त झाले. २००१ पासून मुंबईस ते संग्रहालय म्हणून उघडे होते. २०१२ साली ते धोक्याचे म्हणून बंद झाले. २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांस भंगारात विकून तोडण्यात आले. ते मोडू नये म्हणून लेख लिहिले गेले, न्यायालयाचे दरवाजे ठोठावले गेले. भावना उदंड होती. नव्हते ते एवढेच, की दरवर्षीचा खर्च कोण देणार याचे उत्तर.

ज्या देशात कित्येक मुले अर्धपोटी निजतात तेथे जुन्या लाकडांवर पैसा का घालावा, हाही आक्षेप ऐकू येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि प्रत्येक जुनी वस्तू राखलीच पाहिजे असे आम्ही म्हणतही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जी वस्तू माणसांस कसब शिकविते व त्या कसबावर त्यांस भाकरी मिळवून देते, तिच्यावरील खर्च हा भुकेल्याच्या तोंडचा घास काढणे नव्हे. हार्टलपूलच्या बेकार गावास त्या जीर्णोद्धाराने काम दिले. अमेरिकेत तर मुलांनीच हा भार उचलला. ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाचा उल्लेख वर आला, ते १७९७ साली पाण्यात उतरलेले असून आजही बोस्टन येथे तरंगत आहे. १९२५ च्या सुमारास त्याच्या दुरुस्तीसाठी तेथील शाळांतील मुलांनी पैसापैसा जमविला होता.

आपल्याकडेही अगदीच अंधार आहे असे नाही. प्रारंभी सांगितलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, एक शिडांचे जहाज गोव्यात बांधले गेले. केरळातील कारागिरांनी ते शिवले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने आरमारात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या सफरीस निघाले. आमच्या जिल्ह्यातील चित्र अखेर समुद्रावर गेले! परंतु हे होऊ शकले, कारण फळ्या शिवण्याची विद्या जाणणारे काही हात केरळात अजून शिल्लक होते. ते हात नसते तर चित्र असूनही जहाज झाले नसते.

म्हणून आम्हांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली सरकारास व किनाऱ्यावरील लोकांस. कोकणात लाकडी गलबते बांधणारे सुतार दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि शिडांच्या जागी यंत्रे व लाकडाच्या जागी काचतंतूच्या होड्या आल्या आहेत. शेवटचे गलबत किनाऱ्यावर कुजून गेल्यावर त्याचे स्मारक उभारण्यापेक्षा, आजच एक चांगले गलबत निवडावे, ते चालते ठेवावे, त्यावर मुलांस शिक्षण द्यावे, आणि त्याचा वार्षिक खर्च आरंभीच ठरवून टाकावा. दुसरी गोष्ट आमच्या पालकांस. मुलाने रंधा हाती घेतला तर ‘हे का आपले काम?’ असे म्हणून तो त्याच्या हातून काढून घेऊ नका. जमशेटजी वाडियांनी सुतारकामास हलके मानले असते, तर ज्यांचा आज आपण अभिमान बाळगतो ती जहाजे झालीच नसती.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी समुद्र लांब असला तरी काम लांब नाही. औरंगपुऱ्यापासून पैठण दरवाजा काही पावलांवर आहे. त्याच्या दगडांवर नाव न कोरणे व त्याच्या पायथ्याशी कचरा न टाकणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. पुढच्या वेळी अजिंठ्यास जाल तेव्हा दुसऱ्या लेण्यातील त्या जहाजासमोर क्षणभर थांबा, आणि ते चित्र आहे तसे पुढील मुलांच्या स्वाधीन करून या.